शिमगा सरला, कवित्व उरले

अमेरिकेच्या अध्यक्षपदाची पुढची निवडणूक २०२८ साली व्हायची आहे. श्री. डोनल्ड ट्रम्प दोन वेळा निवडून आले असल्यामुळे तेथील घटनेच्या बाविसाव्या दुरुस्तीनुसार त्यांस पुन्हा निवडून येता येत नाही. साहजिकच दोन्ही प्रमुख पक्षांस नवा उमेदवार शोधावा लागेल, आणि हा शोध तेथील रिवाजाप्रमाणे पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकांतून, राज्याराज्यांत हिंडत, भर चव्हाट्यावर होईल. त्या चव्हाट्यावर गेल्या दहा वर्षांत जी भाषा रूढ झाली ती पाहता, या नव्या हंगामाकडे कुतूहलाने पाहण्याऐवजी धास्तीने पाहावे अशी आमची अवस्था झाली आहे. परक्या देशाच्या निवडणुकीची ही उठाठेव आम्ही का करावी, असे कोणी विचारील. २०२५ च्या ऑगस्टात भारतीय मालावरील अमेरिकन जकात ५० टक्क्यांवर गेली आणि सप्टेंबरात एच-१बी परवान्याच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरांचा आकार बसला, तेव्हा पुण्यामुंबईच्या किती घरांत रात्री दिवे जळत होते हे ज्यांनी पाहिले त्यांस या प्रश्नाचे उत्तर आम्ही द्यावयास नको.

प्राथमिक निवडणूक ही मूळची वाईट वस्तू नव्हे. आपल्याकडे पक्षाचे तिकीट वरून येते. ते कोणास का मिळाले आणि कोणास का नाकारले हे शेवटपर्यंत कोणास कळत नाही. अमेरिकेतही शंभर वर्षांपूर्वी पुष्कळसे असेच चाले. १९२० साली शिकागोच्या ब्लॅकस्टोन हॉटेलातील एका खोलीत रिपब्लिकन पक्षाच्या मुखंडांनी रात्री बसून वॉरन हार्डिंग यांचे नाव पुढे आणले आणि 'धुराने भरलेली खोली' हा शब्दप्रयोग तेव्हापासून राजकारणाच्या कोशात कायमचा जाऊन बसला. या धुराच्या खोलीची दारे उघडावीत, उमेदवार कोण हे चार बड्या धेंडांनी न ठरवता पक्षाच्या सामान्य मतदाराने ठरवावे, ही प्राथमिक निवडणुकीमागची कल्पना होती. १९६८ साली ह्यूबर्ट हम्फ्री हे एकही प्राथमिक निवडणूक न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले आणि शिकागोच्या रस्त्यांवर जो गोंधळ उसळला त्यानंतर नियम बदलले; १९७२ पासून उमेदवारी खऱ्या अर्थाने या निवडणुकांतच ठरू लागली. जेथे एकाच पक्षाचे प्राबल्य असते तेथे तर खरी लढत हीच. बेळगावकडचे आपले मराठी गृहस्थ श्री. श्री ठाणेदार २०२२ साली मिशिगन राज्यातून अमेरिकन लोकसभेवर गेले तेव्हा त्यांची कसोटी नोव्हेंबरात नव्हे, ऑगस्टातल्या प्राथमिक निवडणुकीतच लागली होती.

एकाच पक्षाची माणसे परस्परांशी झुंजू लागली म्हणजे एक अडचण मुळातच उद्भवते. कर, संरक्षण, आयात-निर्यात या विषयांत त्यांची मते बहुधा जुळतात. मग मतदाराने क्ष ऐवजी य का निवडावा? धोरणात फरक नसला म्हणजे फरक माणसात दाखवावा लागतो, आणि माणूस हा विषय एकदा फळ्यावर लिहिला की वर्ग कोठवर वाहवत जातो हे आमच्यातील जुन्या शाळामास्तरास ठाऊक आहे.

२०१६ च्या रिपब्लिकन प्राथमिक निवडणुकांत तो जितका वाहवत गेला तितका आमच्या स्मरणात पूर्वी कधी गेला नव्हता. सतरा उमेदवार रिंगणात होते. आरंभ २०१५ च्या जुलैतच झाला. व्हिएतनाममध्ये पाच वर्षांहून अधिक काळ युद्धकैदेत हाल सोसलेल्या सिनेटर मकेन यांच्याविषयी श्री. ट्रम्प आयोवा राज्यातील एका सभेत म्हणाले की, आपल्याला न पकडली गेलेली माणसे आवडतात. एवढ्यावर उमेदवारी संपेल असे जाणते लोक म्हणत होते. ती संपली नाही, वाढली. मग प्रत्येक प्रतिस्पर्ध्यास एकेक टोपणनाव मिळाले: कोणी 'छोटू', कोणी 'खोटारडा', कोणी 'मरगळलेला'. सिनेटर मार्को रूबिओ काही दिवस सभ्यपणे चालले आणि मागे पडले. तेव्हा फेब्रुवारी २०१६ च्या अखेरीस त्यांनीही बाह्या सरसावल्या आणि श्री. ट्रम्प यांच्या हाताच्या पंजांच्या आकारावरून अशी थट्टा केली की तिचा अर्थ आम्ही येथे उलगडून सांगणार नाही. ३ मार्चला डेट्रॉइटच्या वादसभेत, कोट्यवधी लोकांसमोर, श्री. ट्रम्प यांनी त्या थट्टेला त्याच पातळीवरून उत्तर दिले. पुढे सिनेटर टेड क्रूझ यांच्या पत्नीच्या रूपाची कुचेष्टा झाली. आणि ३ मे रोजी, इंडियाना राज्यात मतदान चालू असताना, क्रूझ यांच्या वडिलांचे नाव केनेडींच्या मारेकऱ्याशी जोडणारी एका चव्हाटेबाज साप्ताहिकातील कंडी श्री. ट्रम्प यांनी उचलून धरली. क्रूझ यांनी त्यांस विकृतीच्या थराला पोचलेला खोटारडा म्हटले. त्याच रात्री क्रूझ शर्यतीतून बाहेर पडले.

येथे आमचे काही वाचक म्हणतील की, अहो, राजकारणात शिव्या काय आज आल्या? ही शंका रास्त आहे. आम्हांसही शिव्यांचे सोवळे पाळायचे नाही. ज्या महाराष्ट्रात आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली आणि अत्र्यांची लेखणी चालली त्या महाराष्ट्राने इतरांस वाणीशुद्धीचे पाठ देऊ नयेत हे बरे. खुद्द प्राथमिक निवडणुकांचा जन्मच शिव्यांत झाला आहे. १९१२ साली अध्यक्ष विल्यम टाफ्ट आणि माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे एकाच पक्षाचे, एकेकाळचे जिवलग मित्र, डझनभर राज्यांत समोरासमोर उभे ठाकले. टाफ्ट यांस रूझवेल्ट यांनीच हाताला धरून त्या खुर्चीवर बसविले होते. आता रूझवेल्ट टाफ्टना मठ्ठ म्हणू लागले, त्यांची बुद्धी गिनीपिगाहून कमी ठरवू लागले. आणि स्वभावाने शांत असे टाफ्ट, कोपऱ्यात सापडला म्हणजे उंदीरसुद्धा लढतो असे सांगत उलट तुटून पडले. बॉस्टनला असेच एक कडक भाषण करून टाफ्ट आगगाडीच्या डब्यात परतले, रूझवेल्ट माझे सर्वांत जवळचे मित्र होते असे एका बातमीदाराला म्हणाले आणि रडू लागले.

यापुढे जे घडले तेच आजच्या संदर्भात आम्हांस महत्त्वाचे वाटते. रूझवेल्ट यांनी टाफ्टच्या स्वतःच्या ओहायोसकट नऊ राज्ये जिंकली. तरी शिकागोच्या अधिवेशनाने उमेदवारी टाफ्ट यांस दिली. रूझवेल्ट बाहेर पडले, वेगळा पक्ष काढून उभे राहिले, रिपब्लिकनांची मते दुभंगली आणि वुड्रो विल्सन निवडून आले. विद्यमान अध्यक्ष टाफ्ट यांच्या पदरात दोनच राज्ये आणि आठ निर्वाचक मते पडली. दोघा मित्रांचे धड बोलणे पुन्हा सुरू व्हायला १९१८ साल उजाडावे लागले. शिकागोच्या एका हॉटेलात टाफ्ट उतरले असता रूझवेल्ट तेथेच भोजनगृहात आहेत असे त्यांस कळले. ते उठून त्यांच्या टेबलापाशी गेले, दोघांनी हात हातात घेतले आणि भोवतालच्या मंडळींनी टाळ्या वाजविल्या. (हॉटेल ब्लॅकस्टोनच, धुराची खोली दोन वर्षांनी तेथेच व्हायची होती.) पुढल्या जानेवारीत रूझवेल्ट वारले तेव्हा त्यांच्या थडग्यापाशी टाफ्ट अश्रू ढाळीत उभे होते. १९१२ ची भाषा वाईटच होती. पण जे बोलले गेले ते बोलणाऱ्यास खरे वाटत होते, म्हणून त्याची किंमत मोजावी लागली: पक्ष फुटला, अध्यक्षपद गेले, मैत्री सहा वर्षे अबोल राहिली.

आता २०१६ नंतरचे पाहा. रूबिओ श्री. ट्रम्प यांस भामटा म्हणत देशभर फिरले होते. जानेवारी २०२५ मध्ये ते त्यांच्याच मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री झाले. त्याच शर्यतीत असलेल्या सिनेटर लिंडसे ग्रॅहॅम यांनी २०१५ च्या डिसेंबरात ट्रम्प यांस वंशद्वेष चेतविणारे धर्मांध गृहस्थ ठरविले होते. पुढे त्यांच्याइतका निष्ठावंत पाठीराखा सिनेटात शोधून सापडेना. क्रूझ यांनी त्यातल्या त्यात थोडा ताठा दाखविला. जुलै २०१६ मध्ये क्लीव्हलंडच्या अधिवेशनात त्यांनी पाठिंबा न देता सद्सद्विवेकास अनुसरून मत द्या एवढेच सांगितले, हुर्यो पत्करली, आणि माझ्या पत्नीवर व पित्यावर हल्ला करणाऱ्यास पाठिंबा देण्याची मला सवय नाही असे दुसऱ्या दिवशी बजावले. ही सवय त्यांस दोन महिन्यांनी, २३ सप्टेंबरला लागली.

शिमगा सरला तरी कवित्व उरते, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण आपला शिमगा निदान तिथीला येतो, आणि त्या दिवशीची बोंब कोणी खरी मानीत नाही. अमेरिकेच्या या शिमग्यात बोंब मारणारा शपथेवर सांगतो की मी खरे तेच बोलतो आहे, देशाच्या भवितव्यासाठी बोलतो आहे. आणि होळी विझताच तोच गृहस्थ तितक्याच गंभीर मुद्रेने उलटे बोलतो. आमची तक्रार आहे ती या दुसऱ्या बोलण्याविषयी. तो माणूस भामटा असेल तर त्याच्या हाताखाली काम का पत्करले? तो भामटा नसेल तर लक्षावधी मतदारांना तसे का सांगितले? या दोहोंपैकी एक प्रश्न तरी खरा असला पाहिजे, आणि त्याचे उत्तर कोणी देत नाही, कारण कोणी मागतच नाही.

केवळ मवाळ स्वर म्हणजे सभ्यता, असेही कोणी समजू नये. टेक्सासमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत कृष्णवर्णीयांस मतदानच नाकारलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९४४ साली ते बेकायदा ठरवीपर्यंत हा कारभार अत्यंत मर्यादशील गृहस्थ गोड शब्दांत चालवीत असत. सर्वांत विषारी कुजबुज तर दबक्या आवाजातच होते. २००० सालच्या फेब्रुवारीत मकेन यांनी न्यू हँपशायर जिंकताच साउथ कॅरोलायनात निनावी फोन आणि पत्रके फिरू लागली की या गृहस्थांस एका कृष्णवर्णीय स्त्रीपासून झालेली मुलगी आहे. ती मुलगी वस्तुतः ढाक्याच्या अनाथाश्रमातून मकेन पतिपत्नींनी घरी आणलेली, रीतसर दत्तक घेतलेली. एका पोरक्या बंगाली पोरीला आसरा दिला, हे त्या सैनिकाच्या विरुद्ध वापरले गेले. प्रतिस्पर्धी बुश यांच्या गोटाने हात झटकले. १९ फेब्रुवारीला मकेन हरले. याच मकेननी आठ वर्षांनी, ऑक्टोबर २००८ मध्ये, मिनेसोटातील सभेत ओबामा अरब आहेत असे म्हणणाऱ्या बाईच्या हातून ध्वनिक्षेपक घेतला आणि, नाही, ते सभ्य कुटुंबवत्सल नागरिक आहेत, त्यांच्याशी माझे मतभेद आहेत इतकेच, असे स्वतःच्याच पाठीराख्यांस सांगितले. ते ती निवडणूकही हरले. पण त्या उत्तराचा त्यांस पुढे कधी इन्कार करावा लागला नाही.

आपल्या लोकांविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. २०२४ च्या शर्यतीत निकी हेली आणि विवेक रामस्वामी ही भारतीय आईबापांची दोन मुले एकाच व्यासपीठावर उभी राहिली तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी, आम्हीही त्यांतच आलो, अभिमानाने रकाने भरले. ८ नोव्हेंबर २०२३ ला मायामीच्या वादसभेत रामस्वामींनी हेलींच्या मुलीचा विषय काढला. हेलींनी त्यांस सर्वांदेखत 'गाळ' म्हटले. पुढल्या महिन्यात अलाबामात रामस्वामींनी वहीवर हेली भ्रष्ट आहेत असे लिहून ती वही शाळकरी पोरासारखी कॅमेऱ्यासमोर धरली. चव्हाट्याचे वळण आपल्या मुलांनी किती चटकन उचलले! श्री. ट्रम्प यांनी हेलींच्या जन्मनावाची मोडतोड करून हेटाळणी केली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये, त्यांचे पती लष्करी कामगिरीवर आफ्रिकेत असताना, नवरा कुठे आहे म्हणून जाहीर सभेत विचारले. अशा माणसास मोटार चालविण्याचा परवानाही देऊ नये, अध्यक्षपद तर दूरच, असे हेलींनी उत्तर दिले. जुलैत मिलवॉकीच्या अधिवेशनात त्यांनी याच माणसास निःसंदिग्ध पाठिंबा जाहीर केला.

डेमोक्रॅटिक पक्षाने यावर हसू नये. तेथील भाषा तुलनेने बरी असते हे मान्य. जून २०१९ मध्ये कमला हॅरिस यांनी शाळांतील वर्णविलगतेच्या प्रश्नावर जो बायडन यांस धारेवर धरले तेव्हा प्रश्न खरा होता आणि भाषाही पातळी सोडून गेली नव्हती. तो घाव मनापासूनचा वाटला, म्हणूनच तो जिव्हारी लागला. पुढल्या वर्षी बायडन यांच्या बाजूने उभे राहिल्यावर त्यांस एका रात्रीच्या कार्यक्रमात याविषयी छेडले गेले, तेव्हा ती वादसभा होती, असे त्या हसत हसत म्हणाल्या. वादसभा होती! म्हणजे तेथे बोललेले धरावयाचे नाही असे समजायचे काय? मग ते ऐकण्यासाठी लोकांनी जागरणे कशाला करायची?

हे असे का झाले याचे एक कारण यंत्रणेत आहे. ऑगस्ट २०१५ च्या पहिल्या वादसभेत जनमतचाचण्यांच्या सरासरीवरून पहिल्या दहांना मुख्य व्यासपीठ मिळाले. चाचणीत वर यायचे तर लोकांच्या डोळ्यांसमोर राहावे लागते. डोळ्यांसमोर राहायचे तर वाहिन्यांनी दाखवावे लागते. आणि वाहिन्या भांडण दाखवितात. त्या पहिल्या सभेला २ कोटी ४० लाख प्रेक्षक लाभले. त्यातच ज्याच्यावर हल्ला होतो त्यास उत्तरासाठी जादा वेळ मिळतो. म्हणजे शिवी देणाऱ्यासही लाभ आणि खाणाऱ्यासही. फेब्रुवारी २०१६ मध्ये ह्यूस्टनच्या वादसभेत डॉ. बेन कार्सन या मितभाषी शल्यविशारदावर, माझ्यावरही कोणीतरी हल्ला करा हो, असे म्हणण्याची पाळी आली. लोक हसले. त्याच महिन्याच्या अखेरीस सी.बी.एस. या वाहिनीचे प्रमुख लेस मूनव्हेस गुंतवणूकदारांपुढे म्हणाले की, हे सारे अमेरिकेच्या हिताचे नसेलही, पण सी.बी.एस.च्या फार हिताचे आहे. इतका प्रांजळपणा त्या वर्षी दुसऱ्या कोणी दाखविला नाही.

वर्तमानपत्रांनीही स्वतःला मोकळे समजू नये. १९७२ साली न्यू हँपशायरमधील एका दैनिकाचे प्रकाशक विल्यम लोब यांनी एका पत्राच्या आधारे सिनेटर मस्की यांच्यावर तोफ डागली. फ्रेंच-कॅनेडियन वंशाच्या लोकांच्या अपमानाला मस्कींनी हसून दाद दिली, असे ते पत्र सांगत होते. शिवाय त्यांच्या पत्नीचीही त्या दैनिकाने टवाळी केली. मस्की भर बर्फात त्या कचेरीसमोर उभे राहून उत्तर देताना गहिवरले; अश्रू की वितळलेला बर्फ याचीच चर्चा झाली आणि त्यांची उमेदवारी खचली. मूळ पत्र बनावट होते. निक्सन यांच्या मंडळींच्या गलिच्छ उद्योगांपैकी ते एक, हे नंतर उजेडात आले. लोब यांचे अग्रलेख पहिल्या पानावर छापले जात. आजचा आमचा मजकूरही त्याच जागी आहे, याची जाणीव ठेवून आम्ही हे लिहीत आहो.

हा सारा तमाशा आहे, मतदारास तो कळतो, तो मनावर घेत नाही, असा युक्तिवाद अलीकडे फार ऐकू येतो. कळत असेलही. पण त्या मतदाराजवळ उमेदवार जोखण्याचे दुसरे साधन कोणते? तो उमेदवारास ओळखत नाही, त्याच्या घरी गेलेला नाही. त्याच्यापाशी आहेत ते फक्त शब्द. त्याने शब्द मनावर घेण्याचे सोडले तर उमेदवाराने मागाहून दिलेले वचन, केलेला खुलासा, घेतलेली शपथसुद्धा तो कोणत्या आधारावर खरी मानणार? २०१६ च्या प्राथमिक निवडणुकांत, दोन्ही पक्ष मिळून, मतदानाचा हक्क असलेल्यांपैकी सुमारे २८ टक्केच लोक मतदानाला आले. धुराच्या खोलीची दारे उघडली खरी, पण दारातून आत येणारा दहांत तिसराही माणूस नाही. उरलेल्यांच्या गैरहजेरीचे खापर एकट्या भाषेवर फोडणे बरोबर होणार नाही. तथापि ज्यास आत यावेसे वाटावे असे तेथे काय चालले आहे?

मार्च २०१६ मध्ये, फ्लोरिडाच्या पराभवाच्या काही दिवस आधी, रूबिओ यांनी कबूल केले की त्या थट्टेचा आपल्याला अभिमान नाही आणि घरी आपल्या मुलांनाही तिची लाज वाटली. साऱ्या प्रकरणात बोललेल्या शब्दाचा जाब कोणी विचारला असेल तर तो या मुलांनी. हे काम मुलांवर सोडण्याचे कारण नाही. १९८० च्या एप्रिलात जॉर्ज बुश (थोरले) यांनी रेगन यांच्या करकपातीच्या योजनेस जादूटोण्याचे अर्थशास्त्र म्हटले होते. ही टीका धोरणावर होती, चांगली झणझणीत होती, आणि तीत गैर काहीच नव्हते. जुलैत रेगन यांनी त्यांस उपाध्यक्षपदासाठी निवडले. १९८२ साली बुश म्हणू लागले की आपण असे बोललोच नाही, कोणी दाखवून द्यावे. एन.बी.सी. वाहिनीच्या लोकांनी जुन्या फिती धुंडाळल्या, ती नेमकी फीत काढली आणि दाखविली. आपण थट्टा करीत होतो, असे म्हणून उपाध्यक्षांस वेळ मारून न्यावी लागली. आज तर फिती धुंडाळण्याचेही कष्ट नाहीत. प्रत्येक वाक्य घटकेत सापडते. २०२८ साठी वादसभा भरविणाऱ्यांनी आपल्या नियमांत दोनच बदल करून पाहावेत. शिवी खाणाऱ्यास मिळणारा जादा वेळ रद्द करावा. आणि आरंभी प्रत्येक उमेदवारासमोर त्याचीच मागील खेपेची वाक्ये वाचून दाखवावीत, यांतील कोणते आपण आज खरे मानता ते विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत दुसऱ्या प्रश्नाकडे वळू नये.